मामाच्या मांडीआधीचं जावळ

शनिवारी सकाळी साडेदहाला जिज्ञासाने अडीच वर्षांच्या ओजसला नवऱ्याच्या हवाली केलं आणि चपला घालता घालता बजावलं, "तीन तास फक्त. आई आणि मी उल्हासनगरहून उद्याचे कपडे घेऊन येतो. त्याला भरवा, झोपवा आणि काही झालं तरी केसांना हात लावू नका."

"मी कशाला लावू केसांना हात?" भूपेश म्हणाला.

"तुजा काय भरोसा नाय बाबा," असं म्हणून त्याच्या आईने, सखूबाईंनी, सुनेची बाजू घेतली आणि दोघी जिना उतरल्या.

ओजसच्या केसांना जन्मापासून कात्री लागली नव्हती. पाठीवर रुळणाऱ्या कुरळ्या बटा बघून बदलापुरातल्या कात्रपच्या त्यांच्या सोसायटीत निम्मे लोक त्याला मुलगीच समजत. रविवारी त्यांच्या कुळगावच्या वाडीत मांडव घालून त्याचं जावळ करायचं होतं. दोनशे माणसांचं जेवण सांगितलेलं होतं. भाच्याला मांडीवर घेऊन पहिली बट मामाने कापायची आणि उरलेलं न्हाव्याने उरकायचं, ही रीत. मामाशिवाय जावळ म्हणजे नवऱ्याशिवाय वरात.

आणि मामा होता हरिचंद्र. जिज्ञासाचा थोरला भाऊ, अंबरनाथला रेती-विटांचा व्यापारी, मिशी भरघोस आणि आवाज त्याहून भरघोस. गेली दोन-अडीच वर्षं त्याने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. कारण होतं ओजसच्या बारशाचा फ्लेक्स. त्यावर आत्याच्या यजमानांचा फोटो वर मध्यभागी आणि सख्ख्या मामाचा खाली कोपऱ्यात, तोही कॉलेजातला, बिनमिशीचा. फ्लेक्स भूपेशने करवून घेतला होता. जिज्ञासा दोन राखीपौर्णिमांना मुळूमुळू रडली. शेवटी सखूबाई स्वतः अंबरनाथला जाऊन हातापाया पडून आल्या, तेव्हा कुठे हरिचंद्र "जावलाला येतो" म्हणाला. या वेळच्या फ्लेक्सवर मामाचा फोटो भाच्यापेक्षाही मोठा होता. आता उद्या काही वाकडं झालं, तर जिज्ञासाचं माहेर कायमचं तुटणार, हे भूपेशला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अकरा वाजता ओजसने घर डोक्यावर घेतलं, म्हणून भूपेश त्याला वाडीत घेऊन गेला. मांडवाचे बांबू पडलेले होते आणि झाडाखाली एक पिकलेला फणस. भूपेशला वाटलं, गरे काढून ठेवू, बायको खूश होईल. त्याने ओजसला लांब खाटेवर बसवलं आणि कोयता घेतला. फणस कापायच्या आधी हाताला आणि कोयत्याला तेल लावायचं असतं, हे कुळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भूपेशलाही होतं. पण बारा वर्षं ऐरोलीच्या ऑफिसात संगणकासमोर बसून ते त्याच्या डोक्यातून साफ उतरलं होतं. कोयता चिकाने बरबटला, म्हणून तो नळावर गेला आणि परत येऊन बघतो तर ओजस फणसापाशी. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकात. भूपेश "ओजस!" असं ओरडला आणि पोराने दचकून ते दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

 भूपेशने घाईघाईने फोनमध्ये शोधलं. पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं, बर्फ लावा. ते च्युइंगगमसाठी होतं, हे खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. पण घाबरलेला माणूस खालची ओळ कधी वाचतो? त्याने पोराला घरी आणून डोक्यावर बर्फ चोळला. चीक रबरासारखा घट्ट बसला. मग त्याला तेल आठवलं. अर्धी बाटली खोबरेल ओतलं, तेव्हा चीक विरघळायच्या ऐवजी डोकंभर पसरला. फणी लावली, तर ओजसने असा टाहो फोडला की समोरच्या सुषमावहिनींनी दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"दात येतायत!" भूपेश आतून म्हणाला.

"अजून?"

 बाथरूममध्ये रुमाल पसरून, कुलदैवताची माफी मागून भूपेशने उजव्या कानावरची एकच गुठळी कात्रीने कापली. तिथे रुपयाएवढी टाळू दिसायला लागली. ती लपावी म्हणून डावीकडे थोडं, मग दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून मागे थोडं. दहा मिनिटांनी ओजसचं डोकं गुरांनी चरलेल्या बांधासारखं दिसत होतं. ओजस मात्र रडायचा थांबून टाळ्या पिटत होता.

"बाबा कच्च! बाबा कच्च!"

"नाही रे राजा, बाबा नाही कच्च," भूपेश काकुळतीला येऊन म्हणाला. केसांचा रुमाल त्याने घाईत खिशात कोंबला; दोन-चार बटा फरशीवरच राहिल्या.

तेवढ्यात सखूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. न उचलावा तर शंका येणार. त्याने कपाटातून लोकरीची कानटोपी काढून पोराच्या डोक्यावर चढवली आणि फोन धरला.

"ये काय? मे महिन्यात लोकरीची टोपी?" सखूबाई किंचाळल्या.

"एसी लावलाय ना आई."

"एसी तं बिघरलाय!"

"म्हणजे... आत्ताच सुरू झाला," भूपेश म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. ओजसने आनंदाने तोंड उघडलं, "आजी! बाबा कच्च..." आणि भूपेशने फोन उशीखाली दाबला.

आता एकच मार्ग होता. कुणातरी न्हाव्याला गाठायचं आणि उरलेले केस असे बेतून घ्यायचे, की उद्या मामाच्या हाताला निदान एक बट लागेल. पण बदलापुरातल्या सलूनमध्ये जाणं शक्य नव्हतं. इथल्या प्रत्येक सलूनमधला प्रत्येक माणूस उद्या जेवायला येणार होता. अंबरनाथला गेलं तर? हरिचंद्रदादा पूर्वेला राहतात, ते पश्चिमेला कशाला मरायला येतील, असा हिशेब करून भूपेशने ओजसला पट्ट्याने छातीशी बांधलं आणि भर उन्हात स्कूटर काढली. वाटेत कुळगावच्या नाक्यावर फ्लेक्स लागलेला होता. मिशीवर पीळ देणारा सहा फुटी मामा वरून थेट त्याच्याकडेच बघत होता. भूपेशने मान खाली घातली आणि समोरचा खड्डा चुकवायचा राहून गेला.

अंबरनाथ पश्चिमेला गल्लीबोळांत फिरता फिरता त्याला एक सलून दिसलं. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. आत गिऱ्हाईक नसणार, याहून बरं काय! भूपेश पोराला सांभाळत वाकून शटरखालून आत शिरला, सरळ उभा राहिला आणि जागच्या जागी थिजला.

खुर्चीत हरिचंद्र बसला होता. त्याच्या मांडीवर एक शेंडीवाला नारळ होता. नारळाच्या गळ्याशी पांढरा टॉवेल गुंडाळलेला होता. हरिचंद्राच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हाताने तो नारळाला अगदी हळुवार धरून होता. न्हावी बाजूला उभा राहून शिकवत होता, "शेठ, श्वास रोखू नका. बट दोन बोटांत धरा, कान लांब ठेवा."

पळावं, असं भूपेशला वाटलं. पण छातीशी ओजस आणि मागे अर्धं शटर. हरिचंद्राने आरशात त्याला पाहिलं आणि कात्री खाली पडली. नारळ मात्र त्याने पडू दिला नाही.

"भावोजी... तुमी हितं?"

"दादा... तुम्ही?"

"माजी... दाढी," हरिचंद्र म्हणाला आणि त्याने नारळ मागे लपवला.

न्हावी श्रीपाद मोकळ्या मनाचा माणूस होता. तो म्हणाला, "शेठ आठवडाभर पूर्वेहून चोरून येतायत. जावळाची प्रॅक्टिस. आजचा हा अकरावा नारळ."

"तू गप रं!" हरिचंद्र ओरडला, पण आवाजात दम नव्हता. तो खुर्चीत मटकन बसला आणि टॉवेलने तोंड पुसायला लागला. "काय सांगू भावोजी. ट्रक रिवर्स घेताना माजा हात हलत नाय, पन लहान पोराच्या डोक्याजवल कात्री न्यायची म्हंजे... परवापासून झोप नाय. दोन वर्सांनी बहिनीच्या दारात जायचा, आनी तिच्या पोराचा रगत कारायचा? तवा जिगू माजा तोंड तरी बगंल का?"

भूपेश बघतच राहिला. ज्या माणसाला घाबरून तो अंबरनाथपर्यंत पळाला होता, तो माणूस त्याच्याच बायकोला घाबरून नारळ भादरत बसला होता. त्याला हसू आलं नाही, गलबलून आलं. खरं सांगून टाकावं, असं वाटलं.  ते काम ओजसने केलं. उकाड्याने हैराण होऊन त्याने टोपी ओढून काढली आणि मामाला अभिमानाने डोकं दाखवलं.

"बाबा कच्च!"

 श्रीपादने देवाचं नाव घेतलं. हरिचंद्र उठून जवळ आला, पोराच्या डोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "कोनी केला ह्यो?"

"मी," भूपेशने डोळे मिटून सांगितलं. "चीक लागला होता. फणसाचा."

"तेल लावून फनस नाय कापला?"

"नाही."

"आगरी असून?"

 भूपेश पुढच्या तडाख्याची वाट बघत उभा राहिला. पण हरिचंद्र खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. "द्या त्याला हितं."

ओजस मामाच्या मांडीवर बसला आणि त्याने पहिलं काम केलं, ते म्हणजे मामाची मिशी धरली. मिशी सुटेना, म्हणून हरिचंद्राला हलता येईना, आणि हलता येईना म्हणून हातही थरथरेना. मानेवरची एक बट अजून शाबूत होती. दोन बोटांत धरून, कान लांब ठेवून त्याने ती कापली. मग डोळे उघडून विचारलं, "लागला तं नाय ना?" उरलेलं डोकं श्रीपादने गुळगुळीत केलं.

शेवटचा हात फिरत असतानाच भूपेशचा फोन वाजला. जिज्ञासा होती. "तुम्ही कुठे आहात? बाथरूमात हे केस कुणाचे?"

 भूपेश नुसता "अं... अं..." करत राहिला. हरिचंद्राने त्याच्या हातातून फोन घेतला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "जिगू, मी दादा."

"दादा? तू?" पलीकडून जिज्ञासा म्हणाली.

"मीच बोलावला त्यांना दुकानात. उद्याचा मला धीर धरवंना, म्हनून आजच मांडीव घेतला नि कापले. भावोजींना बोलू नको. चूक माजी हाय."

जिज्ञासाचा आवाज रडका झाला. "दादा, उद्या दोनशे माणसं यायचीत रे."

"येऊ दे ना. केस नसले तरी मटन हाय. नि मी सकाली सातला येतो, मांडवात उभा ऱ्हायला. भाच्यासंगं मी पन केस कारून घेन, मंग तं झाला?"

ती रडता रडता हसली. मग तिने फोन नवऱ्याकडे मागितला. भूपेश कोपऱ्यात गेला आणि त्याने दबक्या आवाजात "हं" म्हटलं.

"बाथरूमातल्या केसांना फणसाचा चीक लागलाय," जिज्ञासा म्हणाली. "तुमच्याशी मी नंतर बोलते. पण मला कळलंय, हे दादाला कळू देऊ नका. दोन वर्षांनी माझ्यासाठी खोटं बोललाय तो."

भूपेशने फोन खिशात ठेवला. हरिचंद्र ओजसच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत, श्वास रोखून भूपेशकडे बघत होता.

"काय बोलली ओ?"

"म्हणाली, दादाचा हात चांगला बसलाय," भूपेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो न घाबरता खोटं बोलला होता.