तेरा हरणं आणि एक साप्ताहिक

एका जंगलात, बाळांनो, कुणालाही बाजारात जावं लागत नसे. प्रत्येक प्राण्याने एकेक मुंगळा ठेवला होता. मुंगळा बाजारात जाई, माल निवडी, मालकाच्या पिशवीतल्या गुंजा मोजून देई आणि सगळं दारात आणून ठेवी. मालकाला तो काही विचारत नसे. आपल्याला काय हवं होतं, हे मालकाला माल आल्यावर कळे.

तुम्ही म्हणाल, किती छान! जंगलही तेच म्हणे.

मुंगळ्यांच्या वाटेवर, वारुळाला टेकून, एक खवल्या मांजर बसलेलं असे. त्याला सगळे खवलेशेठ म्हणत. पूर्वी शेठ मुंगळे खात. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की मुंगळे खाण्यापेक्षा मोजण्यात पोट जास्त भरतं. अस्वलाच्या मुंगळ्याने हळद घेतली, म्हणजे अस्वल मधमाश्यांकडून मार खाऊन आलं. कोल्ह्याच्या मुंगळ्याने एकाच दिवशी दोन गजरे घेतले, म्हणजे कोल्हीण लवकरच माहेरी जाणार. असे अंदाज शेठ पानावर लिहीत आणि विकत. त्या पानाचं नाव होतं ‘बाजाराचा कानोसा’.

त्याच जंगलात सळोबा नावाचं एक साळिंदर राहत असे. तो पत्रकार होता. चाळीस वर्षं तो ‘काटा’ नावाचं साप्ताहिक सागाच्या पानांवर काढत होता. लेखणी पाठीवरच उगवायची, म्हणून खर्च कमी आणि राग भरपूर. आपण एका वाघाला गादीवरून खाली खेचलं, असं तो सांगे. वाघ म्हातारपणाने मेला, असं बाकीचे सांगत.

एकदा सळोबाच्या लक्षात आलं की दबकराव बिबट्या हल्ली पळत नाही, तरी जाड होतोय. सलग तीन बुधवारी खालच्या कुरणातून एकेक हरीण परतलं नव्हतं. तिसऱ्या बुधवारी गेली ती चांदणी हरिणीची धाकटी बहीण. आता कळपात तेरा हरणं उरली होती.

सळोबा तडक वारुळापाशी गेला.

“शेठ, तुम्ही हरणांवर पाळत ठेवता?”

“छे छे!” शेठ म्हणाले. “मी हरणांकडे ढुंकूनही बघत नाही. मी गुंजा बघतो. त्यावर कुणाचं नाव नसतं, गाव नसतं.”

“पण मुंगळ्यांनी खालच्या कुरणातल्या बुधवारच्या चराईच्या तेरा गुंजा एकदम भरल्या, तर काय कळतं?”

“तेरा हत्ती येणार नाहीत, एवढं कळतं.”

“आणि ते तुम्ही दबकरावांना विकता!”

“मी फक्त लिहितो, ‘बुधवारी खालच्या कुरणात गर्दी राहील.’ घेणाऱ्याने त्या गर्दीचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न. तुम्हीही बातमी विकताच की, सळोबा.”

सळोबाचे सगळे काटे उभे राहिले. पण बातमीला दुसरी बाजू हवी, हा त्याचा नियम होता. म्हणून तो दबकरावांकडेही गेला. लांबूनच ओरडून त्याने प्रतिक्रिया मागितली.

“मी एक साधा ग्राहक आहे,” दबकराव जांभई देत म्हणाले. “ग्राहकाच्या आवडीनिवडीची बदनामी करू नका.”

सोमवारी परतताना वाटेत चांदणी भेटली.

“आबा, एवढे कुठे धावत निघालात? कुणाचं काय बिघडलं?”

सळोबाने तोंड उघडलं. मग हिशेब केला. आत्ता सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत पोपट ही बातमी झाडोझाड करणार. मंगळवारच्या अंकात ती शिळी. चाळीस वर्षांत त्याने कुणालाही बातमी आधी सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. ती सोडून गेली, तेही त्याला इतरांकडून कळलं होतं.

“उद्याचा ‘काटा’ वाच, पोरी,” तो म्हणाला. “पहिलं पान. जिवाचा प्रश्न आहे.”

“मुंगळा आणतोच की दर आठवड्याला,” चांदणी म्हणाली.

मंगळवारी अंक निघाला. मथळा होता, ‘बुधवारी खालच्या कुरणात जाऊ नका!’ दुपारपर्यंत सगळे अंक खपले. एकही पान उरलं नाही. सळोबा छाती काढून जंगलभर फिरला. साळिंदराला छाती काढून चालणं शोभत नाही, पण त्या दिवशी त्याला कोण सांगणार?

बुधवारी संध्याकाळी तो वाटेवर उभा राहिला. हरणं परत येत होती. त्याने मोजली. तेराच्या तेरा! त्याचे डोळे भरून आले.

“वाचलंस ना, पोरी?”

“काय?” चांदणीने विचारलं.

“काय म्हणजे? ‘काटा’!”

“अहो, तो मुंगळा आणतो. पाडसांच्या खाली अंथरायला फार चांगला. सागाचं पान ऊब धरतं.”

“मग आज चरलात कुठे?”

“खालच्या कुरणात. गुंजा भरल्या होत्या ना.”

सळोबा मटकन खाली बसला. स्वतःच्याच काट्यांवर.

झालं होतं ते असं. मंगळवारी तेराही हरणांच्या मुंगळ्यांनी त्या मथळ्याच्या अंकाच्या गुंजा भरल्या, हे शेठनी पाहिलं. त्यांनी दबकरावांना कळवलं, “हरणं सावध झाली. उद्या ती वरच्या कुरणात जातील.” दबकराव दिवसभर वरच्या कुरणात दबा धरून बसले. तिथे त्यांना दोन ससे आणि पाठीत एक उसण एवढंच मिळालं. परतल्यावर त्यांनी शेठचं शेपूट धरून जाब विचारला.

शेठ हाडाचे अभ्यासू. त्यांनी चूक शोधली आणि नवा ‘कानोसा’ काढला. तो सळोबाला पुढच्या मंगळवारी, त्या आठवड्याचा ‘काटा’ निघून गेल्यावर मिळाला. मिळाला, कारण सळोबाच्याही घरी मुंगळा होता. हो बाळांनो, होता. मुंगळ्याशिवाय बाजार करायचा, तर गुडघे चांगले लागतात. सळोबाचे गुडघे नेमके बाजाराच्या वेळी दुखत. मालकाला शेठच्या धंद्यात रस आहे, हे ओळखून मुंगळ्याने तीन गुंजा देऊन ते पान आणलं होतं.

पानावर एकच ओळ होती. ‘काटा सगळे घेतात, वाचत कुणी नाही. बुधवारी खालच्या कुरणात गर्दी राहील.’

चाळीस वर्षांत सळोबावर अनेक टीका झाल्या होत्या. ही पहिली, जिच्यासाठी त्याच्याच पिशवीतल्या गुंजा गेल्या होत्या.

बुधवारी पहाटे तो खालच्या कुरणाच्या खिंडीत जाऊन उभा राहिला. कळप आला.

“चांदणी, पुढे जाऊ नका! दबकराव बसलाय!”

“आबा, खरं की काय? मग ‘काट्या’त कसं नाही आलं?”

“आलंय! मागच्या मंगळवारी! पहिल्या पानावर!”

“मागच्या?” चांदणीने नाक उडवलं. “मग ते जुनं झालं की. मागच्या बुधवारी तर आम्हाला काहीच झालं नाही.”

“माझ्यामुळे झालं नाही!”

“तुमच्यामुळे? तुम्ही होतात कुठे?”

सळोबाकडे युक्तिवाद पुष्कळ होते. ते सांगायला एक अंक लागला असता. म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा न लिहिता काम केलं. खिंडीत तो आडवा झाला, पाठ फिरवली आणि होते नव्हते तेवढे काटे फुलवले. एका पाडसाच्या नाकाला टोचलं. ते रडायला लागलं.

“लाज नाही वाटत? लेकराला टोचता?” चांदणी कडाडली. “म्हातारपणी डोकं फिरलंय तुमचं! चला गं, वरच्या कुरणात जाऊ. आणि आजपासून तुमचा अंक बंद!”

तेराही हरणांनी रागारागाने मुंगळ्यांना सांगून ‘काट्या’ची वर्गणी तोडली.

वारुळाशी बसलेल्या शेठनी ते पाहिलं. त्यांनी खूप विचार केला. मग दबकरावांना तातडीने पान धाडलं. ‘तेरा वर्गण्या एकाच दिवशी बंद झाल्या. न वाचणारा कधी अंक बंद करत नाही. याचा अर्थ हरणं ‘काटा’ वाचतात, तोही बारकाईने. इथून पुढे ती काय करतील, याचा अंदाज देता येणार नाही.’

दबकरावांनी पान दोनदा वाचलं. उपाशी पोटावरून पंजा फिरवला. आणि ते शेजारच्या जंगलात निघून गेले. तिथे वर्गण्या अजून सुरळीत चालू होत्या.

त्या संध्याकाळी सळोबाच्या मुंगळ्याने खप घसरलेला पाहिला आणि मालकाच्या घरी येणाऱ्या ‘काट्या’ची वर्गणीही बंद करून टाकली.

तात्पर्य : पत्रकाराने निर्भीडपणे लिहिलं, तर समाजाचे प्राण वाचतात. समाजाने फक्त त्याची वर्गणी वेळेवर बंद केली पाहिजे.