मोकाशी काका सगळ्यांच्या मागे

मोकाशी काकांच्या मागे उभं राहणं आमच्या कोथरूडात कोणालाही जमलं नाही. दुधाच्या केंद्रावर, टपाल कचेरीत, लग्नात आहेर द्यायच्या रांगेत, कुठेही तुम्ही त्यांच्या मागे गेलात की ते वळायचे, "मागे अजून कोणी आहे का?" असं विचारायचे आणि तुम्हाला पुढे घालून स्वतः मागे सरकायचे. एकदा गॅसचा नंबर लावायला सकाळी दहाला गेलेले काका दीड वाजता खिडकी बंद झाली तेव्हाही रांगेत शेवटचेच होते. माणसं येत राहिली आणि काका त्यांना पुढे पाठवत राहिले. दुसऱ्या दिवशी काकू स्वतः गेल्या आणि दहा मिनिटांत काम करून आल्या.

बसचंही तेच. पीएमटीची बस आली की बायकांना, म्हाताऱ्यांना, कॉलेजच्या धट्ट्याकट्ट्या पोरांनासुद्धा चढवून मग हे चढणार. कर्वे रस्त्यावरचे कंडक्टर काही सगळे चढेपर्यंत थांबण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते. काकांच्या निम्म्या बसा त्यांना न घेताच गेल्या असतील. लग्नात ते शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर जेवायचे. "जिलबी संपली असेल हो," असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "संपू दे. सगळे जेवले ना?"

मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहत होते, त्यामुळे हे सगळं मला सोसायलाही लागलं. घाईच्या वेळी जिन्यात काका भेटले की ते मला पुढे घालणार, मी वयाचा मान म्हणून त्यांना पुढे घालणार, आणि तेवढ्यात माझी हिंजवडीची बस निघून जाणार. पुढे पुढे मी वयाचा मान ठेवणं सोडून दिलं.

या खोडीचं मूळ डोंगरात होतं. काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते आणि तिथल्या हौशी लोकांचं एक भटकंती मंडळ होतं. सह्याद्रीतली एकही खिंड त्यांनी सोडली नव्हती. डोंगरात वाट दाखवणारा एक पुढे असतो आणि कोणी मागे पडू नये म्हणून एक सगळ्यांच्या शेवटी चालतो. हे शेवटी चालायचं काम काकांनी पंचवीस वर्षं केलं. "पुढच्याला वाट माहीत असली की झालं," ते म्हणायचे. "मागच्याला माणसं माहीत असावी लागतात."

पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर झाडाला लाल चिंधी बांधून जायचा. काका तिथे पोचले की खिशातली यादी काढून हजेरी घ्यायचे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळे हजर म्हणाले की चिंधी सोडून खिशात घालायची आणि निघायचं. ही हजेरी त्यांनी पुढे सोसायटीतही आणली. खडकवासल्याच्या चौपाटीला सहल गेली तेव्हा बस सुटण्यापूर्वी त्यांनी अठ्ठावीस बिऱ्हाडांची नावं वाचली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांच्या वतीने त्यांच्या मुलीने हजर म्हटलं, ते त्यांना चाललं नाही. कणसाच्या गाडीवरून जोशांना प्रत्यक्ष बोलावून आणावं लागलं. जोशांनी तोंडात कणीस असतानाच हजर म्हटलं. तेव्हापासून जोशी सहलीला आले नाहीत.

काकांना सगळ्यांची नावं पाठ होती. वॉचमनच्या कुत्र्यालाही ते नावाने हाक मारायचे. काकूंना मात्र कधी मारली नाही. दिवसातून पन्नास वेळा खालून "अगं" ऐकू यायचं आणि पन्नास वेळा "आले हो". त्या पिढीत घरोघरी हेच होतं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मग कारखान्यात नवी यंत्रं आली, जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले आणि भटकंती मंडळ पांगलं. कोणी मुलाकडे अमेरिकेला गेला, कोणाला मधुमेह झाला. दोघे-तिघे वारले. डोंगरात आता आमच्या आयटी कंपन्यांची पोरं जायला लागली, पाठीवर सातशे खिसे असलेल्या सॅक घेऊन. काका गॅलरीतून त्यांच्या जीप बघत उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, पण त्यांचे ओठ हलायचे. माणसं मोजत असावेत.

त्यानंतर काकू गेल्या. दोन आठवडे हॉस्पिटलात होत्या आणि मग गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीतून सगळे निघाले तेव्हाही काकांनी एकेकाला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिले. त्या दिवशी मला ते बघवलं नाही. खालून "अगं" यायचं बंद झालं. इतकी वर्षं ज्या आवाजाने माझी रविवारची झोपमोड व्हायची, तो आता येत नाही याचाच मला त्रास व्हायला लागला.

वर्षभराने आमच्या टीमची सहल ठरली. साताऱ्याच्या पलीकडच्या राष्ट्रीय उद्यानात, वनखात्याचा वाटाड्या घेऊन दिवसभराची चाल. हे काकांना कुठून कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी ते दारात उभे. केर नेणाऱ्या बाईंना आधी जाऊ दिलं आणि मग म्हणाले, "मेधा, तुमच्या त्या सहलीत शेवटी चालायला कोणी आहे का?"

"काका, तुमचे गुडघे."

"पुढच्या महिन्यात बदलणार आहेत. मग डॉक्टर डोंगर चढू देणार नाहीत. त्या वाटेवर मला एकदा जायचंय. एकदाच."

त्यांनी कधी कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी टीम लीडशी बोलले. निखिल वाईट मुलगा नाही, पण त्याला सगळ्यात आधी रिस्क दिसते. "मेधा, सिक्स्टी एट? काही झालं तर रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची?" मी म्हटलं, माझी.

काका आले. पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पहिल्या फाट्यावर हजेरी झाली तेव्हा सगळे हसत होते, दुसऱ्या फाट्यावर सगळे खणखणीत हजर म्हणाले. निखिलने तर स्वतःहून लाल चिंध्या बांधायचं काम घेतलं. झाडी इतकी दाट होती की दुपारी बारालाही जमीन ओली होती. वाटेत गव्यांचं शेण, उठून गेलेल्या एका गावाची जोती, आणि मग चढावर एकदम धुकं. तिसऱ्या फाट्यावरही हजेरी झाली. आम्ही निघालो, पुढच्या वळणावर थांबलो, आणि काका आले नाहीत.

दहा मिनिटं झाली. निखिल माझ्याकडे बघून म्हणाला, "मी आधीच बोललो होतो." मी मागे पळाले. एवढं मात्र सांगते, तेवढ्या वाटेत मी सगळे देव आठवले.

काका फाट्यावरच होते. एका दगडावर बसले होते. चिंधी झाडालाच होती.

"गुडघे दुखताहेत का?"

"गुडघे ठीक आहेत. बस जरा." मग त्यांनी समोरच्या कारवीच्या दाट झुडपांकडे बोट केलं. "याच फाट्यावर मी हिला मागे ठेवून गेलो होतो."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बावीस वर्षं झाली. असंच धुकं होतं. यादी वाचली, सगळे हजर म्हणाले, चिंधी सोडली आणि निघालो. ही दर वेळी बरोबर यायची, पण हिचं नाव मी यादीत लिहीतच नसे. लिहिलं असतं तर चारचौघांत हाक मारावी लागली असती. ती नेहमी नजरेसमोर असायची, हाक मारायची गरज काय? त्या दिवशी पायाच्या जळवा काढायला ही मागे थांबलेली. पाऊण तासाने कळलं, ही नाही. धावत परत आलो. अगं, अगं म्हणून ओरडलो. मग नाव घेऊन ओरडलो. घसा बसला. तासाभराने त्या कारवीतून शांतपणे चालत आली. म्हणाली, वाट चुकले, हाक ऐकूच आली नाही."

ते थांबले.

"हॉस्पिटलात म्हणाली, ऐकू येत होती. पहिल्या हाकेपासून. पलीकडच्या कातळामागेच बसले होते म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा माझं नाव घेताहेत, म्हटलं अजून थोडं घेऊ देत."

मला हसू आलं, आणि लगेच ते हसू कुठे ठेवावं कळेना.

"नंतर घरी तरी मारलीत का हाक, नावाने?"

"जीभच वळली नाही. हॉस्पिटलात हे सांगितलं तेव्हा मारणार होतो. पण शेजारच्या कॉटवर माणसं होती. म्हटलं, घरी गेल्यावर मारू."

काकू घरी आल्या नव्हत्या.

काकांनी चष्मा पुसला. "तुम्ही पुढे व्हा. मला इथे जरा मोठ्याने बोलायचंय. कोणासमोर जमणार नाही."

शेवटच्या माणसाला मागे ठेवून जायचं नसतं, हे त्यांनीच आम्हाला सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. मी उठले आणि वळणापर्यंत आले. निखिलने विचारलं, "काका?" मी म्हटलं, "येतील. चला." आम्ही शंभरेक पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून आवाज आला. आधी हळू, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकाच. मग मोठा. मग खूप मोठा.

"सुलभा."

वाटाड्या थबकला. "मागं कोन ऱ्हायलंय का, ताई?"

"हो," मी म्हटलं. "त्यांच्या घरचं माणूस."

त्याने कोयता खाली ठेवला आणि उकिडवा बसला. "मंग थांबू की."

आम्ही सगळे त्या ओल्या वाटेवर बसलो. कोणी फोन काढला नाही. धुक्यातून काका हाका मारत होते. मध्येच थांबत होते, ओ येते का ते ऐकायला, आणि पुन्हा मारत होते.