उत्तरसूचीप्रमाणे पाण्याची पातळी

साखर पाण्यात विरघळते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मात्र ते चारपैकी कितव्या पर्यायात छापले आहे, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. लातूरच्या ज्या क्लासमध्ये ही गोष्ट घडली, तिथे वर्षाला सरासरी चार हजार द्रावणे तयार होतात आणि थेंबभरही पाणी लागत नाही. (टंचाईच्या जिल्ह्यात ही बचत लहान नव्हे.) द्राव्य चाळिसाव्या पानावर असते, द्रावक एकेचाळिसाव्या, पुस्तक मिटले की द्रावण झाले.

चाचणीत प्रश्न आला: ग्लासातल्या पाण्यात दहा चमचे साखर विरघळवली, तर पातळीचे काय होईल? उत्तरसूची म्हणाली, 'तेवढीच राहील.' धम्मप्रियाने लिहिले होते, 'वाढेल.' एक गुण गेला आणि तिची पहिल्या तुकडीतून सातव्या तुकडीत रवानगी ठरली. पहिल्या तुकडीला माणूस शिकवतो, सातव्या तुकडीला भिंतीवरचा व्हिडिओ. (व्हिडिओला शंका विचारता येत नाही, त्यामुळे त्या तुकडीत शंका शिल्लक राहत नाहीत.)

तिने अहमदपूरला फोन लावला, दस्तगीर सरांना. गावच्या शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलेले, आता निवृत्त.

"सर, मी खोलीवर करून बघितलं. पानी बोटभर वर आलं."

"कितीदा केलं गं?"

"तीनदा. चौथ्यांदा साखर संपली."

सरांचा ऊर भरून आला. चाळीस वर्षांच्या नोकरीत 'तीनदा' म्हणणारी पोरं त्यांना एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, अंगठा सोडून. दुसऱ्या दिवशी काचेचा ग्लास, चमचा आणि पावशेर साखर पिशवीत घालून ते सकाळच्या एसटीत बसले.

क्लासमध्ये हरकतीचा छापील अर्ज होता. त्यात रकाने तीन: पुस्तक, पान, ओळ. सरांनी 'पुस्तक'पुढे लिहिले 'ग्लास', 'पान'पुढे 'काठाजवळ', आणि 'ओळ'पुढे पाण्याची रेघ काढली. खिडकीतल्या नाजियाबाईंनी तो सहानुभूतीने वाचला. "सर, ग्लास मान्यताप्राप्त यादीत न्हाई."

शेवटी संचालक संगप्पा सरांच्या टेबलावर प्रयोग झाला. दहा चमचे पडले, ढवळले, साखर दिसेनाशी झाली. पातळी चढली. साखरेचा ढीग दिसत होता तेवढी नाही, पण चढली.

"ढिगातली हवा निघून गेली," दस्तगीर सर जणू पाचवीच्या वर्गाला सांगू लागले. "साखर मात्र पाण्यात मिसळून बसली. दिसत न्हाई, पण हाय. आणि जे हाय त्याला जागा लागतेच."

"तुमचं बरोबर हाय, सर," संगप्पा सर मनापासून म्हणाले. "पण चौदाशे पोरांनी 'तेवढीच' लिहिलंय. एका ग्लासापायी चौदाशे पोरं चुकीची ठरवू?"

तर्क बिनतोड होता. लगेच त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. तिचे निष्कर्ष असे: प्रयोगातले पाणी बोअरचे होते, प्रश्नातले शुद्ध. साखर किराणा दुकानातली होती. अभ्यासक्रमातली असल्याचा दाखला सोबत नव्हता. ग्लास खाली निमुळता असून त्याचा हेतू संशयास्पद वाटला. द्रावणाची फेरतपासणी शक्य नाही, कारण सदस्यांनी ते प्राशन केले. (ऊन फार होते. लिंबू नसल्याबद्दल एका सदस्याने वेगळी टिप्पणी जोडली.)

मात्र संस्था निष्ठुर नव्हती. 'मी जे पाहिले ते पाहिले नाही' एवढे लिहून दिल्यास पहिली तुकडी कायम. धम्मप्रियाला बोलावून कोरा कागद तिच्यापुढे सरकवला गेला. तिने दस्तगीर सरांकडे पाहिले. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. उत्तर पोरांच्या तोंडून येऊ द्यावे, ही त्यांची जुनी खोड. तिने एकच शब्द लिहिला, 'वाढेल', आणि पेन ठेवला.

पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "सर, मिठानं पन करून बघू का?"

"बघ की. मग फोन कर."

ती आता सातव्या तुकडीत आहे. तिथला व्हिडिओही 'तेवढीच' म्हणतो.

वाचकहो, इथवर येईतो पोरगीच बरोबर, अशी तुमची खात्री झाली असेल. कशावरून? छापलेलं आहे म्हणून. ग्लास घरात होता, साखरही होती. उठलं मात्र कुणी नाही. सातव्या तुकडीत या. बाक भरपूर आहेत.