टोपी कुणापुढे काढली?

निर्णय घेण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! बंदरावर उभा जन्म मी क्रेनवाल्याला हाताने खुणा देण्यात घालवला. क्रेनवाला वर काचेच्या खोपटात, माल खाली जहाजाच्या पोटात, आणि मध्ये मी, डोक्याला टोपी घालून. त्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नाही, सगळा कारभार हातांचा. बोट फिरवलं की उचल. तळहात खाली केला की सोड. हात आडवा केला की जिथे आहेस तिथे थांब! अक्षरं मला फार उशिरा आली, पण हात कधी चुकले नाहीत.

म्हणून लेकीने टेबलावर दोन बेटांचे फोटो ठेवले, तेव्हा मी मिशीत हसलो.

"बाबा, आईला आणि तुम्हाला सुट्टी. आयुष्यातली पहिली! एक धाकटं बेट, एक थोरलं बेट. दोन्ही शांत, दोन्हीकडे नारळ, दोन्हीकडे वाळू. एक निवडा."

"धाकटं!" मी म्हणालो.

"थोरलं!" ही म्हणाली.

दोन्ही शब्द एकाच वेळी बाहेर पडले आणि टेबलावर आपटून तिथेच मेले.

माझं म्हणणं साधं होतं. उभा जन्म साखळ्यांचा खणखणाट ऐकला, आता जिथे पानही वाजणार नाही तिथे जायचं. हिचं म्हणणं त्याहून साधं. "पानही वाजणार नाही तिथे तुमच्यासोबत काय करू? घरी तरी घड्याळ वाजतं!"

हे मात्र लागलं. कारण खरं होतं. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या खोलीच्या खिडकीतून बंदर दिसायचं. हिने बघून बघून माझ्या सगळ्या खुणा उचलल्या होत्या. संध्याकाळी मी खिडकीकडे बघून दोन्ही तळहात खाली केले, की हिने समजायचं, काम आवरलं, पान वाढ. उलट तीही खुणा करायची. डोक्यावर दोन्ही हात नेऊन जोरात बाहेर फेकायचे, ही आमच्यातली सगळ्यात मोठी खूण. अर्थ असा, की साखळी तुटतेय, खालून पळा! ही ती खूण माझ्या सासूबाई आल्या की करायची, आणि मी दोन तास उशिरा घरी जायचो. निवृत्त झालो, ती खोली सुटली, खिडकी सुटली. आता एकाच खोलीत समोरासमोर बसतो, आणि तोंडाने काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही.

म्हणून तर हिला त्या धाकट्या बेटावर न्यायचं होतं, त्या शांततेत तरी बोलणं सुचेल म्हणून. पण हे सांगणार कोण? खुणा देणारा माणूस मालाकडे जात नाही, माल त्याच्याकडे येतो. मी गप्प बसलो. तीही गप्प बसली. अखेर लेक वैतागली.

"दोन्हीकडे खोल्या सांगून ठेवते! एकच लाँच आधी धाकट्याला लागते, मग थोरल्याला. जिथे एकमत होईल तिथे उतरा!"

लाँच धाकट्या बेटाच्या धक्क्याला लागली. मी पिशवी उचलली, टोपी नीट केली आणि उतरलो. येईल मागोमाग, मला खात्री! वळून पाहिलं तर ही बाकावर बसलेली, पांढरी शाल लपेटून, मांडीवर पिशवी, नजर थोरल्या बेटाकडे. तिलाही खात्री, की मी परत चढेन!

नावाड्याने दोघांकडे बघितलं. "काय ठरलं?"

मी आकाशाकडे बघितलं, हिने पिशवीकडे. नावाड्याने खांदे उडवले आणि लाँच सुरू केली. "पुढच्या आठवड्यात येतो!" तो ओरडला. पांढरी शाल लहान लहान होत गेली. मी धक्क्यावर विसरलेल्या गोणीसारखा उभा राहिलो.

बेट शांत होतं. लेकीने सांगितलं होतं त्याहून शांत. पक्षी नाही, कुत्रं नाही. लाटासुद्धा पाय न वाजवता यायच्या, चोरासारख्या. पाहुण्यांच्या घरासमोर खुर्च्यांची ओळ होती, आणि सगळ्या खुर्च्या समुद्राकडे पाठ करून ठेवलेल्या!

"खुर्च्या उलट्या का?" मी तिथल्या राखणदारणीला विचारलं. वाळलेल्या खारकेसारखी बाई, पापणी न लववता बघायची.

"समोर फार बघू नये," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी तिने दोन ताटं वाढली.

"अहो, मी एकटाच आलोय."

"हो का?" तिने एक ताट माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरं उचलून बोळातून मागच्या अंधारात घेऊन गेली. थोड्या वेळाने ते रिकामं घेऊन आली.

मी म्हटलं, असेल, तिचंच असेल. पण सकाळी व्हरांड्यात ओली पावलं होती. समुद्राकडून आलेली नव्हेत, माझ्या दारापर्यंत आलेली आणि तिथून परत फिरलेली! वाळूत विसरलेला माझा चष्मा घडी घालून उशाशी होता. सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवलेलं होतं. आणि खोलीत हिच्या डोक्याच्या तेलाचा वास!

"माझं बटण कुणी शिवलं?"

"इथे असं होतं," राखणदारीण म्हणाली.

"होतं म्हणजे? आपोआप?"

"एका खोलीतली गोष्ट मी दुसऱ्या खोलीत नेत नाही."

माझ्या पाठीवरून सुरवंट चालत गेला. तरी मनाला समजावलं, भूत असेल तर संसारी दिसतंय. निदान बटणं तरी लागतील.

मी एक खुर्ची उचलली, नारळाच्या सावलीत नेली आणि समुद्राकडे तोंड करून बसलो. समोर थोरल्या बेटाचा किनारा. म्हातारपणी मला हातातला घास दिसत नाही, पण लांबचं असं दिसतं की घारीने लाजावं! आणि त्या किनाऱ्यावर, अगदी माझ्या समोर, पांढऱ्या कपड्यातलं एक माणूस उभं होतं.

ही!

काळजाने उडी मारली. मी उठून हात वर केला. थोडा वेळ काहीच नाही. मग समोरचा हात वर गेला, सावकाश, पाण्यातून काढल्यासारखा. मी हात आडवा केला. समोरचा हात आडवा झाला. मी दोन्ही तळहात खाली केले, काम आवरलं, पान वाढ! समोरचे दोन्ही तळहात खाली आले.

काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं. ती खिडकीच परत मिळाली. जन्मभर सोबत राहून जे तोंडाला जमलं नाही, ते आम्ही समुद्राच्या दोन टोकांना उभं राहून बोलू लागलो. मी रोज सकाळी तिथे जायचो. ती आधीपासून उभी असायची. ऊन असो, सावली असो, बसलेली कधी दिसली नाही. मनात आलं, हिचे गुडघे इतके कधी सुधारले? पण सुखात माणूस गुडघे मोजत नाही.

एक गोष्ट मात्र खटकायची. ती स्वतःहून कधी खूण करायची नाही. मी केली की करायची, तीच, तशीच. आमची ही आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारी? तेव्हाच ओळखायला हवं होतं!

एका दुपारी मी खुर्चीत रेलून बसलो होतो. हात मांडीवर, एकही खूण केलेली नाही. आणि समोरच्या आकृतीचे दोन्ही हात डोक्यावर गेले आणि जोरात बाहेर फेकले गेले.

खालून पळा!

पुन्हा. आणि पुन्हा! शरीर विचार करत नाही. मी खुर्चीतून बेडकासारखी झेप घेतली आणि तोंडावर वाळूत पडलो. मागे काडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर खुर्चीची दोन शकलं झालेली, आणि मधोमध डोक्याएवढा नारळ, हसत असल्यासारखा!

इतक्या लांबून ही माझ्यावर लक्ष ठेवून होती. आणि मी? मी एका बेटासाठी अडून बसलो होतो! त्या क्षणी मी आयुष्यात कधी केली नव्हती ती खूण केली. खुणा देणारा जेव्हा म्हणतो, माझं संपलं, आता तू सांगशील तसं, तेव्हा तो टोपी काढून जमिनीवर ठेवतो. बंदरावर मोठमोठे साहेब आले, वादळं आली, माझी टोपी हलली नव्हती. ती मी काढली आणि पाण्याच्या कडेला वाळूत ठेवली.

समोरून उलट खूण आली नाही. पांढरी आकृती जराशी थबकली, वळली आणि झाडांत निघून गेली.

थोड्या वेळाने टोपी उचलायला गेलो तर वाळूवर टोपी नव्हती. लाट तिथपर्यंत पोचलीच नव्हती. वाळू कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच आली. मी पिशवी घेऊन धक्क्यावर धावलो, थोरल्या बेटावर जाऊन हिला आणायचं म्हणून. बघतो तर काय, ही लाँचमध्ये आधीच बसलेली! त्याच बाकावर, तीच शाल.

"चढा आता," ही म्हणाली. "उन्हात काय उभे राहिलात? टोपी कुठाय?"

"तुला ठाऊक आहे कुठाय!" मी लाडात येऊन शेजारी बसलो. "काल तिकडून खूण केली नसतीस तर आज माझा नारळ फुटला असता!"

"तिकडून कुठून?"

"थोरल्या बेटावरून!"

हिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दूध नासलंय का ते बघतात. "मी कशाला थोरल्या बेटावर? तिथे उतरलेच नाही. तुम्ही धक्क्यावर दिसेनासे झालात तेव्हा या नावाड्यांना म्हटलं, फिरवा मागे. मागच्या वाटेने आले. तेव्हापासून तुमच्या मागच्या खोलीतच आहे!"

माझा जबडा खाली आला. ताट. ओली पावलं. तेलाचा वास. बटण!

"मग बोलली का नाहीस?"

"मी आधी का बोलू? मागे वळून बघितलं असतंत तर दिसले असते. व्हरांड्यात तर बसायची मी! तुम्ही आपले दिवसभर समुद्राला हातवारे करताय. मला वाटलं, गेलं डोकं."

"आणि नारळ?"

"तो सकाळपासून डुलत होता. म्हणून तर मागे उभी राहून खूण केली, खालून पळा!"

"अगं, पाठीमागून खूण करतेस? हाक मारायची ना!"

"हाक मारली असती तर मी आधी बोलले असं झालं असतं! खूण म्हणजे बोलणं नव्हे. आणि कळली ना तुम्हाला?"

कळली होती. पण ती मला दाखवली कुणी? मी नावाड्याकडे वळलो. "त्या समोरच्या किनाऱ्यावर कोण राहतं हो?"

"वस्ती सगळी पलीकडच्या अंगाला," तो समोर न बघता म्हणाला. "या बाजूला कुणी उतरत नाही."

मी गार पडलो. म्हणजे मी हात केला की ते हात करायचं. आणि माझ्यामागे उभं राहून हिने खूण केली, तेव्हा त्याने हिची नक्कल केली. आणि टोपी काढली तेव्हा?

"तेव्हा तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? वळले आणि आत गेले." हिचा आवाज बारीक झाला. "इतक्या वर्षांत एकदा टोपी काढलीत. आणि तीही माझ्याकडे पाठ करून! कुणापुढे काढली हो?"

खुणेसाठी माझे हात वर जाऊ लागले. मग ते मांडीवर ठेवले आणि तोंडाने म्हणालो, "तुझ्यापुढे. तू जिथे म्हणशील तिथे जायचं, असं म्हणत होतो."

हिच्या शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यावर आलं.

लाँच वळसा घेत त्या किनाऱ्यासमोरून गेली. नावाडी समोर बघत नव्हता. आम्ही दोघांनी बघितलं. पांढरी आकृती उभी होती. आज तिच्या शेजारी आणखी एक होती. दोघं अगदी आमच्यासारखी, खांद्याला खांदा लावून.

"अहो," हिने माझा दंड घट्ट धरला, "त्या दुसऱ्याच्या डोक्यावर तुमची टोपी!"

"असू दे," मी म्हणालो. "परत मागायला तू जातेस का?"

तिकडच्या बाईनेही शेजाऱ्याचा दंड धरला होता. जरा उशिराने, पण घट्ट.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "मग? पुढच्या वेळी कुठलं बेट?" मी म्हणालो, "आईला विचार." ही म्हणाली, "बाबांना विचार." लेक डोक्याला हात लावून निघून गेली.

आता आम्ही पुष्कळ बोलतो, आणि घरात मी हिच्याकडे पाठ करून बसत नाही. न जाणो, समोर दाखवणारं कुणी नसलं तर हिची खूण कळायची कशी! टोपी मात्र नवी घेतलेली नाही. घेतली, की पुन्हा काढायची वेळ आलीच म्हणून समजा!