पुनर्पान प्रतिबंधक समिती

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी डिचोली तालुक्यातला, खाणीवर टिपर चालवणारा कृष्णनाथ व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन घरी आला. राज्याचे पुढे काय होणार याची गावाला फारशी काळजी नव्हती. कृष्णनाथ पुन्हा कधी पिणार, याची मात्र फार होती. तो प्यालाच तर खाणमालक टिपर काढून घेणार होता आणि बायको सुमंगला माहेरी जाणार होती.

डॉक्टरांनी निघताना सांगितले होते, "जुन्या अड्ड्याची वाट धरू नकोस, उपाशी राहू नकोस आणि प्यावेसे वाटले तर लाज न धरता कुणाला तरी लगेच सांग." इतके सोपे काम एकट्या माणसावर सोपवणे गावाला जोखमीचे वाटले. सबब, माजी सरपंच बाबुरावांच्या अध्यक्षतेखाली 'पुनर्पान प्रतिबंधक समिती' स्थापन झाली. सदस्य म्हणून कृष्णनाथाचे जुने पिणारे सोबतीच घेतले, कारण या विषयातला अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता. पंचायतीच्या सभागृहाची किल्ली सचिवासोबत म्हापशाला गेलेली असल्यामुळे बैठका गोकुळदासच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, भरू लागल्या. तिथे बाके होती आणि सदस्यांचा घसाही कोरडा पडत नसे. रुग्णाची हजेरी सक्तीची होती.

बिचारा लिंबूसोडा घेऊन कोपऱ्यात बसे. "तोंड उघड रे मातशें, पळोवया!" म्हणत येणारा-जाणारा वास घेई आणि हिरमुसून पुढे जाई.

एकदा कृष्णनाथाने डॉक्टरांचे ऐकले. "बाबुरावानू, आज पियेवंशें दिसता," तो हळूच म्हणाला. बाबुरावांनी बाकावर उभे राहून ही बाब सर्वांच्या निदर्शनास आणून दिली. प्रकरण गंभीर असल्याने ते गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या कानावर घालावे, असा ठराव एकमताने झाला. राखणदाराला फेणी चढते हे कुणाला सांगायला नको. बाबुरावांनी त्याच्या घुमटीपुढे गाऱ्हाणे घातले, "ह्याची दारू कायमची सोडव रे म्हाराजा!" आणि चार थेंब देवाला वाहून उरलेली बाटली प्रसाद झाली. ज्याच्यासाठी गाऱ्हाणे, पहिला मान त्याचा.

"माका नाका," कृष्णनाथ म्हणाला. फेणीचा वास नाकात शिरला होता. त्याला ती हवी होती, जीव जाईल इतकी हवी होती.

"दोतोरान सोरो बंद केला, प्रसाद खंय केला?" बाबुराव कडाडले. "देवापरस तूं व्हडलो?"

कृष्णनाथ पाठ फिरवून जो सुटला तो थेट घरात. "सुमंगला, आज कठीण आसा गो," एवढेच तो कसाबसा बोलला.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "सांगलां तें बरें केलां," ती म्हणाली. "आदीं चाय-पाव खावया, मागीर वांग्यांक उदक घालूंया."

वांग्यांना पाणी घालून होईपर्यंत ती वेळ टळली. पुढेही अशा पुष्कळ वेळा आल्या आणि अशाच टळल्या. देवाचा अवमान केल्याबद्दल समितीने हजेरीतून त्याचे नाव काढून टाकले. समिती मात्र अजून रोज बसते. सदस्यांना ती सोडवत नाही.

कृष्णनाथ टिपर चालवतो. त्याच्याकडे आता कुणी फिरकत नाही, कारण न पडणाऱ्या माणसात बघण्यासारखे काय असते? गावाला हसू नका. खरे सांगा, 'आता पितो, मग पितो' म्हणत तुम्हीही इथवर वाचत आलात ना?