मुकादम मॅडमची कंबर

आमच्या मुकादम मॅडम समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या टाचा बघतात. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवतात, मी भूगोल. एकदा मासळी बाजारात सुरमई कापणाऱ्या मावशींना त्या म्हणाल्या, "खांद्यानं नको मारूस, कमरेतून ये." मावशींनी कोयता त्यांच्याच हातात दिला. मॅडमनी मागची टाच फिरवली, कंबर वळवली आणि वार केला. सुरमईचं डोकं शेजारणीच्या टोपलीत. मावशी म्हणाल्या, "आता तिच्याकडून मागून आण."

मॅडमच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात पावसहून एसटीनं येणारी सोनाली होती. अंगानं काडी. तिनं मारलेला चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्याही पुढं जात नसे. मीच एकदा म्हटलं, "तिला नुसतं फील्डिंगला ठेवा. हातात ताकद नाही."

"ताकद हातात असतेच कुठं, सर? ती जमिनीतून येते."

मग रोज शाळा सुटल्यावर मैदानात दोघीच. मॅडमनी तिच्या हातात बॅटऐवजी ओला टॉवेल दिला. "काय गो, दार ढकलतेस काय? सगळं अंग एकदम वळवू नको. आधी टाच, मग कंबर. खांदा मागंच राहू दे. ताण बसला की सोड, हात आपसूक येतील." पहिले काही दिवस टॉवेल नुसता फडफडला. सोनाली रडली, मॅडमनी तिला पाणी दिलं आणि पुन्हा उभं केलं. एका संध्याकाळी टॉवेल चाबकासारखा कडाडला. तेव्हा कुठं बॅट मिळाली.

जिल्ह्याच्या सामन्यात शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं मागं, दोन मुली बेसवर आणि बॅटिंगला सोनाली. पहिल्या चेंडूला ती इतक्या जोरात फिरली की खाली बसली. समोरच्या मुली हसल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरोबर फिरलीस. फक्त चेंडू नव्हता तिथं."

पुढचा चेंडू मात्र तिथं होता. तो सगळ्यांच्या डोक्यावरून थेट मैदानाच्या कडेच्या दगडी गडग्यावर आदळला. बेसवरच्या दोघी धावत होम बेसला आल्या, आम्ही जिंकलो.

मग मुलींचे घरी फोन सुरू झाले. सोनाली बाबांना धाप लागेपर्यंत सांगत होती. मॅडमनीही पर्समधून फोन काढला, थोडा वेळ बघितला आणि परत ठेवला.

"अम्मीला यातलं काही कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण चपला काढायच्या आधीच विचारायची, काय झालं? यंदा पावसाळ्यात गेली ती. आता मीच कुलूप उघडते." पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या, "सर, चहाला येता? मॅच कशी झाली ते सांगते."

सगळी मॅच मी त्यांच्या शेजारी बसूनच पाहिली होती.

"चला," मी म्हटलं. "अगदी पहिल्या चेंडूपासून सांगा."