उंबरावरचं कासव

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, फक्त इंग्रजी नव्हतं. कोणी चांगलं काम केलं की प्राणी 'शाब्बास' म्हणायचे आणि आपापल्या वाटेनं चरायला जायचे.

मग एका प्रोफेसरांच्या पिंजऱ्यातून सुटलेला पोपट तिथं आला. दोनच दिवसांत तो पोपटशास्त्री झाला. त्यानं सिंहमहाराजांना सांगितलं की 'शाब्बास' फार गावठी वाटतं. साहेब कौतुक करतो तेव्हा 'एक्स्टॉल' करतो. शब्द मूळचा लॅटिन, आणि मूळ अर्थ वर उचलणे.

महाराजांना काही कळलं नाही, म्हणून ते फार प्रभावित झाले. यापुढे कौतुक मूळ अर्थानंच व्हावं, असा हुकूम निघाला.

आपल्याकडेही हरभऱ्याच्या झाडावर चढवतातच म्हणा. पण तिथून पडून कोणाचं हाड मोडत नाही.

पहिला मान धोंडू कासवाला मिळाला. पाणवठ्याच्या झऱ्यातला गाळ तो रोज निमूटपणे काढायचा, म्हणून सगळ्यांना स्वच्छ पाणी मिळायचं. हत्तीनं त्याला सोंडेनं उचललं आणि पाण्यावर झुकलेल्या उंबराच्या फांदीवर ठेवलं. टाळ्या झाल्या, भाषणं झाली, सगळे घरी गेले.

धोंडू वरच राहिला. कासवाला झाडावरून उतरता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सत्कार समितीला ठाऊक नव्हतं.

"मला खाली घ्या," तो येईल त्याला विनवायचा. "झरा बुजतोय."

खाली घेणं म्हणजे अपमान, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं. धोंडूचा अपमान करायला कोणी धजेना.

चार दिवसांत पाणी गढूळ झालं. हरणांची पाडसं आजारी पडली. तेव्हा धोंडूचं काम केवढं मोठं होतं, ते प्राण्यांना कळलं. ते गहिवरले, आणि हत्तीनं त्याला आणखी वरच्या फांदीवर ठेवलं.

धोंडू रडला. मला तर सांगतानाही राग येतो.

शेवटी त्याची बायको गोदा दरबारात गेली. ती भांडली नाही.

"महाराज," ती म्हणाली, "आमच्या मालकांचे गुण ओळखले कोणी? आपणच ना? मग आपण खाली कसे?"

शास्त्रीबुवांना मान डोलवावीच लागली, आणि महाराजांना नाही म्हणवेना. हत्तीनं त्यांना धोंडूशेजारी नेऊन बसवलं.

फांदी कडाडली. राजा आणि कासव दोघंही चिखलात पडले. राजा ओरडत बाहेर आला. कासव आतच राहिलं आणि गाळ काढू लागलं.

तेव्हापासून त्या जंगलात कोणी कोणाचं कौतुक करत नाही. पाणी मात्र नितळ आहे.

तात्पर्य: चांगलं काम बंद पाडायचं असेल, तर ते करणाऱ्याचा सत्कार करावा. आणि सत्कार बंद पाडायचे असतील, तर राजाचा करावा.